कालवांचं पाणी

१४ ऑक्टोबर २०२४

ईरा दसऱ्याला आली ती टेम्पो घेऊनच. निळे ड्रम, काचेच्या मोठ्या बाटल्या, हवा सोडायचे पंप आणि गोधडीत गुंडाळलेलं सूक्ष्मदर्शक. पुरणपोळीचा घाट घालून मी दारात उभी, आणि बाईसाहेब मुरारीला सांगताहेत, "हळू, ते आडवं नको." मुरारी म्हणजे आमच्या गल्लीतला टेम्पोवाला. त्याला गोव्यापर्यंत पाठवल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"रजा किती दिवस?" मी विचारलं.

"बघू."

गोव्यातल्या संशोधन संस्थेत 'बघू' अशी रजा मिळते हे मला नवीन आहे. दत्तोपंतांनी मात्र काहीच विचारलं नाही. महाडच्या कोर्टात आयुष्यभर उलटतपासणी घेतलेला माणूस, मुलीला एक प्रश्न नाही! शिवाय मागची गाडीची शेड गेल्याच आठवड्यात त्यांनी रिकामी करून तिला चुना मारून घेतला होता. तेव्हा म्हणाले, दिवाळीसाठी. तिथेच आता सगळे ड्रम लागले आहेत. बरं झालं, आयती जागा होती.

१७ ऑक्टोबर

आज ईराशी वाद झाला. वाद म्हणजे शास्त्रीय.

ती शेडमध्ये कालवांची, म्हणजे ऑयस्टरची, पिल्लं वाढवणार आहे. हवेत धुरातून जो कार्बन डायऑक्साइड जातो, त्यातला बराचसा समुद्र पितो. पाण्यात विरघळला की त्याचं आम्ल होतं, आणि शिंपल्यातल्या जिवांना कवच बांधायला जे कार्बोनेट लागतं ते कमी पडतं. हे तिचं म्हणणं. त्यावर मी म्हटलं, समुद्राचा पीएच आठच्या वर. लिटमस बुडवलास तर निळाच राहील. त्याला आम्ल कसं म्हणतेस? अकरावीच्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

"आई, ताप नव्याण्णववरून एकशे एकवर गेला तर माणूस उकळायला लागलेला नसतो. पण तू त्याला ताप आला म्हणतेसच ना? तसं. कुठल्या बाजूला चाललंय ते महत्त्वाचं."

उत्तर वाईट नव्हतं. मी तसं तिला सांगितलं नाही.

कालवाचं पिल्लू पहिल्या दोन दिवसांत आपलं पहिलं कवच बांधतं. डोळ्यांना न दिसणारं, इंग्रजी 'डी'सारखं. तेवढ्यात नाही जमलं तर अंगातली सगळी शक्ती त्यातच संपते आणि ते मरतं. मोठ्या कालवाला पाणी थोडं बिघडलेलं चालतं, पिल्लाला चालत नाही.

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, ड्रम पुसत होती. दमलेली दिसते. प्रवासाचा शीण असेल.

२० ऑक्टोबर

आज आवडी आली. माहेर पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतलं, लग्न होऊन सावित्रीच्या खाडीला आली. भरती-ओहोटी बघून खडकावरची कालवं काढते आणि महाडच्या बाजारात विकते. ईराचा तिच्याशी आधीपासून फोन चालू होता म्हणे. घरात सगळ्यांना सगळं माहीत, मीच आपली विचारत बसते.

आवडी ओट्यावर टोपली ठेवून बसली. "बाय, ही बघा. पहिली कोयता आपटला तरी उघडायची नाय. आता पातळ झाल्यात. आणि बारीक पिल्ला तर खडकाला लागतच नाय. आमी बाया काय काढू आणि काय खाऊ?"

"मी कालवांचं बी तयार करून देईन," ईरा म्हणाली. "दोऱ्यांवर लावायचं. पण आधी मला बघायचंय, पाण्याचं नक्की काय होतंय."

"बघ गो. पण बी दे."

आवडीचं म्हणणं की हा सगळा कारखान्यांचा प्रताप. कारखान्यांचं पाणी वेगळं आणि हे वेगळं, असं ईरानं तिला पुन्हापुन्हा सांगितलं. आवडीनं मान डोलावली आणि जाताना मला हळूच म्हणाली, "कारखान्याचाच हाय."

६ नोव्हेंबर

दिवाळी संपली. आज पहिली खेप.

पाणी खाडीच्या मुखाकडून ड्रमात भरून मुरारी आणतो. कालवं आधी गार पाण्यात ठेवायची, मग कोमट पाण्यात. त्या धक्क्यानं ती अंडी सोडतात. सकाळी टबातलं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं आणि ईरा मोठ्यानं हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

दोन टाक्या केल्या. एकीत आजचं पाणी, जसं आणलं तसं. दुसरीत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडून पन्नास-साठ वर्षांनंतरचं पाणी. वायूचं नळकांडं माझा जुना विद्यार्थी अश्वजित याच्या सोडावॉटरच्या कारखान्यातून आलं. दुसऱ्या टाकीतली पिल्लं मरतील, पहिलीतली जगतील, आणि दोन्हींत फरक किती तो मोजायचा, असा तिचा बेत.

पीएच मीटर वाचायला दत्तोपंत बसणार होते. ऐन वेळी म्हणाले, माझा हात थरथरतो, तू बस. गेली तीन वर्षं निवृत्त होऊन मी घरात बसले आहे, पण हा हात मला कधी थरथरताना दिसला नव्हता. वय झालं आता त्यांचं. बसले मी.

८ नोव्हेंबर

दोन्ही टाक्या गेल्या.

वायू सोडलेली तर जाणारच होती. आजच्या पाण्याचीही गेली. ईरानं मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. 'डी' नव्हतेच. कुणाचं कवच एका बाजूला दबलेलं, कुणाचं बिजागरीपाशी खचलेलं, कुणी नुसताच गोळा, तळाशी हलकेच थरथरणारा.

मी साठवलेल्या पाण्याचा पीएच पुन्हा घेतला. सात पूर्णांक सहा. मीटर बिघडलं असेल म्हणून अश्वजितकडून नवी प्रमाण द्रावणं आणून तपासलं. मीटर ठीक आहे.

"म्हणजे पन्नास वर्षांनंतरचं पाणी आपल्या ड्रममध्ये आजच आहे," ईरा म्हणाली.

"एका खोलीतल्या एका खेपेवरून समुद्राबद्दल बोलू नये," मी म्हणाले.

"नाही बोलत."

आणि दोन्ही टाक्या एकटीनंच उपसून धुतल्या.

१५ नोव्हेंबर

दुसरी खेप. गेली.

२४ नोव्हेंबर

तिसरीही गेली. ईरा जेवत नाही धड. दुपारी झोपते, संध्याकाळी झोपते. फोन वाजला की पालथा घालते. मला वाटतं गोव्यात कुणीतरी आहे आणि त्याच्याशी बिनसलंय. पुण्याच्या मावशीनं एक स्थळ सुचवलं आहे, मुलगा बँकेत आहे, वागायला साधा. दत्तोपंतांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आत्ता नको, कालिंदी." का नको ते सांगितलं नाही.

संध्याकाळी तिला ओढूनच चवदार तळ्यापर्यंत फिरायला नेलं. कठड्याशी उभी राहून ती एकदम म्हणाली, "आई, तू इतकी वर्षं तेच तेच प्रयोग शिकवलेस, कंटाळा नाही आला?"

"दरवर्षी पोरं नवी असायची ना."

"माझ्याकडे दरवर्षी नोंदी नव्या असायच्या. गेल्या वर्षीपेक्षा वाईट."

मी म्हटलं, चल, भेळ खाऊ. तिनं खाल्ली. थोडी बरी वाटली.

३ डिसेंबर

आज आवडी आणि तिच्याबरोबर दोघी आल्या. ओट्यावर बसायला तयार नाहीत.

"दरखेपी टोपली भरून मोठी कालवा नेतेस. खडकावर आधीच काय उरला नाय. आणि हितं येऊन सगळा मारतेस. तू जगवतेस का मरताना बघतेस गो?"

आवडीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ईरा भिंतीला टेकून ऐकत राहिली.

त्या गेल्यावर मी शेडमध्ये गेले. सगळ्या खेपांच्या पाण्याच्या बाटल्या तिथे आहेत. मी ब्युरेट लावून बसले. किती वर्षांनी! थेंब थेंब सोडायचा आणि रंग पालटायच्या क्षणी हात आवरायचा, बोटं विसरलेली नाहीत. प्रत्येक बाटलीत आम्ल पचवायची ताकद कमी निघाली. मुरारीला बोलावून विचारलं, पाणी कधी भरतोस? म्हणाला, ओहोटीला, तेव्हा धक्क्याशी टेम्पो खाली नेता येतो. म्हणजे आपण समुद्राचं कमी आणि नदीचं जास्त पाणी आणत होतो. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याचा वायू जास्त, क्षार कमी.

ईराला सांगितलं. म्हटलं, बघ, दोष भरतानाचा होता. समुद्र ठीक आहे.

ती म्हणाली, "ओहोटी आधीपण होती ना, आई. कालवं रोज ती सोसतच आलीत. समुद्राचं पाणी तेव्हा नदीचं आम्ल पचवून घ्यायचं. आता त्याच्याकडेच ती ताकद थोडकी उरलीय, म्हणून ओहोटीला लगेच तळ दिसतो."

मग मी साधा उपाय सांगितला. पूर्ण भरतीचं पाणी आणू आणि त्यात मोजून सोडियम कार्बोनेट घालू. धुण्याचा सोडा, पण प्रयोगशाळेतला, शुद्ध. पीएच आठ पूर्णांक दोनला नेऊन ठेवू.

"मला माहीत आहे. परदेशात कालवांची बी करणारे तेच करतात."

"मग?"

"मग ते खरं पाणी राहत नाही. सोडा घालून जगवलेली पिल्लं दाखवून मी कुणाला काय सांगू? सगळं ठीक आहे म्हणून? मला खोटं जगवायचं नाहीये."

"आवडीला तुझं खरं-खोटं नकोय. तिला बी हवंय."

"समुद्रात किती पोती सोडा ओतणार आहेस तू?" ती म्हणाली आणि उठून गेली.

मुलगी कुणावर गेली आहे असं मी दत्तोपंतांना विचारलं. ते वर्तमानपत्राआड हसले असावेत, पान हलत होतं.

१० डिसेंबर

ईराला ताप आहे. फार नाही, थर्मामीटरमध्ये जेमतेम दिसतो. पण उठत नाही. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या, बोलतं ठेवा. व्हायरल असावं.

दुपारी तिनं उशीतून सांगितलं, "शेड रिकामी करा. मुरारीला सांगा, ड्रम हवे तर घेऊन जा म्हणावं."

मी हो म्हटलं. बाहेर आले तर दत्तोपंत पायरीवर बसलेले. "काय करायचं?" मी विचारलं.

"शेड तुझी आहे का माझी?"

"दोघांची."

"मग माझी अर्धी मी रिकामी करत नाही," ते म्हणाले. "तुझ्या अर्ध्यात तू काय करतेस ते बघ. चार दिवसांनी पौर्णिमेच्या सुमाराला मोठी भरती आहे, असं मुरारी म्हणत होता."

१५ डिसेंबर

काल मी स्वतः मुरारीबरोबर गेले. टेम्पोत पुढे बसून, साडीवर दत्तोपंतांचं स्वेटर घालून. खाडीच्या मुखाशी भरती तुडुंब होती. धक्क्याच्या वरच्या पायरीवरून पंपानं पाणी घेतलं. आवडीला निरोप दिला होता. ती कालवं घेऊन आली, पण टोपली लगेच दिली नाही.

"पोर कुठं हाय?"

"आजारी आहे."

"आणि तुमी करनार? तुमी शाळेतल्या बाय."

"कॉलेजातली," मी म्हटलं. ती हसली नाही, पण टोपली पुढे केली. मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःही टेम्पोत चढली.

आज सकाळी आम्ही दोघींनी केलं. ईराचं बघून बघून मला क्रम पाठ झाला आहे. सोडा मी वेगळ्या भांड्यात विरघळवून थेंबाथेंबानं घातला. एकदम घातला तर पाणी गढूळ होऊन चुनाच तळाशी बसतो. मीटरवर आठ पूर्णांक दोन आलं तेव्हा पीएचला मी "शाब्बास" म्हटलं, मोठ्यानं. आवडीनं विचारलं, कुणाला म्हणालात? कालवांनी बराच वेळ दाद दिली नाही. मग एकानं अंडी सोडली, त्याच्यामागून सगळ्यांनी. टब पांढरा झाला.

ईराला सांगितलेलं नाही. भीती वाटते आहे. ती रागवेल याची की पिल्लं मरतील याची, हे मला धड सांगता येत नाही.

१७ डिसेंबर

'डी'!

डीच डी. सगळे नाहीत, पुष्कळ वाकडे आहेत, पण काचपट्टीवर नजर जाईल तिथे पारदर्शक, सरळ पाठीचे, कडेची केसाळ झालर फिरवत पोहणारे डी. आवडीला दाखवले. तिनं एक डोळा मिटायचा म्हणून दोन्ही मिटले, मग नीट पाहिलं आणि एकदम मागे सरली. "हालतात गो बाय!" आयुष्यभर कालवं फोडलेल्या बाईनं कालव असं कधी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

दाराशी ईरा उभी होती. शाल पांघरून, केस विस्कटलेले. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"काय घातलंस?"

"सोडा."

तिनं मला बाजूला केलं आणि सूक्ष्मदर्शकावर वाकली. खूप वेळ वाकलेलीच राहिली. पाठ हलत होती. मला वाटलं रागानं. मी म्हणाले, "बिनसोड्याची एक बाटलीही ठेवली आहे, त्याच भरतीच्या पाण्याची. तुझ्या खऱ्या नोंदीसाठी. त्यात निम्म्याहून जास्त गेलीत. दोन्ही लिही. हे असं मरतं आणि हे असं जगवावं लागतं, दोन्ही खरंच आहे ना?"

ती वळली तेव्हा डोळे पुसत होती. "आई, मी नोकरी सोडून आलेय. सप्टेंबरमध्येच."

"सोडून? आणि मला कुणी..."

"बाबांना माहीत होतं. राजीनामा त्यांनीच वाचून दिला. मला रोज सकाळी उठून काय काय मेलं ते लिहायचं नव्हतं गं. आणि इथे येऊनही तेच केलं मी."

मी इतकी चिडले की हातातलं फडकं टेबलावर आपटलं. मग आवडीच म्हणाली, "आता ह्यांना खायला काय घालायचा ते सांग. भुकेली आसतील." ईरानं शाल खुंटीवर टाकली आणि हिरव्या शेवाळाची बाटली खाली काढली.

ताप उतरला आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चांगल्या होत्या.

८ जानेवारी २०२५

पिल्लं बसायला लागली. जुन्या शिंपल्या टाकीत टांगल्या होत्या, त्यांवर मोहरीएवढे ठिपके दिसतात. एकदा बसलं की कालव जन्मभर जागा सोडत नाही.

ईरा आवडीला आणि तिच्याबरोबरच्या बायांना सोडा मोजायला शिकवते. मी पीएच शिकवते. अंक वाचता येणाऱ्या दोघीच आहेत, पण रंगपट्टी सगळ्यांना जमते. माझा आवाज वर्गातल्यासारखा चढतो म्हणून दत्तोपंत तक्रार करतात, आणि रोज न चुकता खुर्ची घेऊन शेडच्या दारातच बसतात.

२६ जानेवारी

आज पिल्लं बसलेल्या शिंपल्यांच्या दोऱ्या खाडीत सोडल्या. बायांनी बांबूंची चौकट रोवली होती. ईरा छातीभर पाण्यात, आवडी तिच्या पलीकडे. एकेक माळ हातोहात गेली.

शेवटची माळ बांधताना आवडीनं विचारलं, "आता जगतील ना?"

मला वाटलं ईरा हो म्हणेल. म्हणायला काय जात होतं?

"माहीत नाही, आवडीताई," ती म्हणाली. "सगळ्यात नाजूक दिवस आपण पार करून दिले. पुढे समुद्र आहे, आणि त्याचं पाणी मला बदलता येत नाही. पावसाळ्यातलं गोडं पाणी आलं तर बरीच जातील. मग पुन्हा करू."

आवडीनं गाठ ओढून पाहिली. "आमची भातशेती तरी काय येगळी हाय?"

परतताना ईरानं सांगितलं, तिच्या जुन्या संस्थेतून फोन आला होता. शेडमधल्या दोन्ही नोंदी त्यांना हव्या आहेत, आणि ती परत येणार का असंही विचारलं.

ऑक्टोबरात मी तिची बॅग भरून दिली असती. आज मी खिडकीबाहेर बघत बसले आणि म्हटलं, "तुझं तू ठरव." माझा आवाज अगदी सहज होता. तरी दत्तोपंतांनी माझ्या हातावर हात का ठेवला, कळलं नाही.

२९ मार्च

अमावस्येची ओहोटी, खाडी पार आत ओसरली होती. माळा तपासायला सगळे गेलो.

कडेची एक माळ जवळजवळ संपलेली. शिंपल्या रिकाम्या, वाऱ्यावर वाजत होत्या. ईरानं ती उचलून वेगळी ठेवली, बाटलीत पाणी भरून घेतलं, वर तारीख घातली. चेहरा पडला, पण बसली नाही. दुसरी माळ ओढली. तिच्यावर कालवं होती, नखाएवढी, काही रुपयाएवढी. खडबडीत, करडी, एकमेकांना चिकटून दाटीवाटीनं बसलेली.

"बघू," म्हणून मी अंगठा फिरवला आणि ओरडलेच. नव्या कवचाची कड ब्लेडसारखी लागली. अंगठ्यातून भळाभळा रक्त. दत्तोपंत रुमाल शोधायला लागले, मुरारी म्हणाला गाडीत हळद नाही, आणि आवडी कमरेवर हात ठेवून हसत सुटली. "कापला! बाय, कापला तुमाला! आता झाली कालवा!"

ईरा माझा हात धरून जखम बघत होती. मग तिनं ते कालव उजेडासमोर धरलं. कड कागदाइतकी पातळ होती, आरपार उजेड दिसत होता.

"फार पातळ आहे का गं?" मी विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "पण बांधतंय."

येताना टेम्पोत तिनं मुरारीला पुढच्या पौर्णिमेची भरती विचारून घेतली. पुढच्या वर्षीच्याही विचारल्या.

उजव्या अंगठ्याला मोठं बँडेज आहे, पेन धड धरता येत नाही. आजचं अक्षर वाकडंतिकडं आलं आहे. असू दे.